मोतद्दार नसलेला रथ

कठोपनिषदातल्या रथाला मोतद्दार नाही. बाकी सगळं आहे. यम नचिकेत्याला सांगतो की शरीर हा रथ, आत्मा त्यात बसलेला रथी, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रियं हे घोडे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतलं हे रूपक प्रवचनांतून आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातली एक गोष्ट निसटून जाते. इंद्रियं ज्यांच्यामागे धावतात ते विषय या रूपकात कोण आहेत? यम त्यांना चोर म्हणत नाही, दरी म्हणत नाही. विषय म्हणजे रस्ते. रस्ताच नसेल तर रथ कुठे नेणार? विषयांना टाळून मुक्काम गाठता येतो असं खुद्द यमही म्हणत नाही. त्यांच्यावरूनच जायचं आहे, फक्त नीट.

मला अडतं ते पुढे. या घोड्यांना दाणापाणी कोण करतं? खरारा कोण करतं? नाल ढिली झाली की कुणाच्या लक्षात येतं? आणि ज्याला रथात बसायचंच माहीत नाही अशा नवख्या रथ्याला पहिल्या दिवशी हात देऊन वर कोण घेतं? हे सगळं मोतद्दाराचं काम, आणि उपनिषद त्यावर गप्प आहे.

बडोद्यात वासणा-भायली रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गुरुवारी दुपारी काही मराठी माणसं जमतो आणि एखादा ग्रंथ सावकाश वाचतो. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी रिफायनरीतून, मी विद्यापीठाच्या हिशेब विभागातून. दांडिया बाजार, रावपुरा सोडून मुलांच्या मागोमाग आम्ही शहराच्या या पश्चिम टोकाला आलो. आमच्या लहानपणी इकडे शेतं होती. आता खाली वॉचमन मला ‘बेन’ म्हणतो आणि वर शेवउसळीच्या बशा बाजूला सारून आम्ही उपनिषद उघडतो. मोतद्दाराचा प्रश्न मी तिथेच काढला. अण्णांनी, ते मंडळातले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत ठाम, तो एका वाक्यात निकालात काढला. म्हणाले, “मोतद्दार नाही कारण त्याची गरज नाही. दुसऱ्यानं धरून चालवलेला तो रथ कसला? ती पालखी.”

वाक्य टाळीचं होतं. पण त्यात एक फार जुना वाद दडलेला आहे. गुरू करावा की करू नये? दैव मोठं की पुरुषार्थ? वाट दुसऱ्यानं दाखवली, दोर दुसऱ्यानं धरला, तर त्या वाटेनं जे चालणं झालं ते आपलं म्हणायचं का? या प्रश्नावर पुष्कळ वाचलं होतं. त्याबद्दल मला काही कळलं असेल तर ते नाशिकला, एका घोडीच्या पाठीवर.

भाची नाशिकला असते. जानेवारीत तिच्याकडे गेले. वांसदा, वघई करत सापुताऱ्याचा घाट चढला की गुजरात संपतो आणि वणीवरून दिंडोरीकडे उतरता उतरता दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागतात. खायच्या द्राक्षांचे मांडव निराळे. त्यांच्याखालून वाकून जावं लागतं. वाइनची द्राक्षं मात्र तारांवर उभ्या ओळींनी वाढवलेली असतात आणि दोन ओळींमधून माणूस, ट्रॅक्टर किंवा घोडा सरळ जाऊ शकतो. गंगापूर धरणाच्या बाजूला अशाच एका मळ्यात पाहुण्यांना घोड्यावरून फिरवतात. भाचीनं मला न विचारता नाव नोंदवून टाकलं होतं. “मावशी, तुझ्या पणजोबांचा घोडा होता ना? मग?”

पणजोबांचा घोडा नव्हता, हीच तर गोष्ट आहे. ते गायकवाडांच्या पागेत बारगीर होते. मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. घोडा पागेचा, दाणा पागेचा, स्वार तेवढा आपला. बारगीर म्हणजे गरीब, दुय्यम, असं आज कुणालाही वाटेल. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेचं वर्णन सभासदाच्या बखरीत आहे, त्यात मात्र भर पागेवर आहे. शिलेदारसुद्धा पागेच्या हुकमतीखाली ठेवलेले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा. उपनिषदानं वगळलेली माणसं बखरकारानं नेमकी मोजून ठेवली आहेत.

नाशिकला माझ्या वाट्याला आलेली घोडी काठेवाडी होती, करड्या रंगाची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. म्हणजे आमच्याकडचीच. तिला धरून उभा असलेला पोरगा विशीतला असेल. त्यानं मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आधी आणलेला लहान घोडा परत नेला आणि हिला आणलं. वजनाबद्दल तो एक शब्द बोलला नाही; त्याचा हा सभ्यपणा मला आवडला. तंग आवळला, रिकिबीची लांबी बदलली, मला दगडी ओट्यावरून चढवलं. लगाम माझ्या हातात दिला, पण मोहरकीला बांधलेला दोर स्वतःकडे ठेवला.

घोडी चालू लागली तशी मी लगाम ओढला. घोडी मान झटकून थांबली. सैल सोडला तर चालली. पुन्हा भीती वाटली, पुन्हा ओढला.

“मावशी, ओढू नका. तिला वाट ठाऊक आहे.”

“मग मी काय करू?”

“बसा.”

मला वाटलं, उडवून लावतोय. पण तो अगदी गंभीर होता. जरा वेळानं त्यानं उलगडून सांगितलं: टाचा खाली, गुडघे सैल, नजर घोडीच्या मानेवर नको, दोन ओळींच्या शेवटी जे झाड दिसतंय त्यावर. तिची पाठ हलते तशी कंबर हलू द्या. “बसणं हेच काम आहे. लगाम नंतरचा.”

पाटावर, खुर्चीवर, गादीवर आपण बसतो तेव्हा काही करत नाही. घोड्यावर बसणं ही क्रिया आहे आणि ती क्षणोक्षणी करावी लागते. मराठीत त्याला मांड म्हणतात. मांड पक्की असेल तर लगाम बोटभर हलवला तरी पुरतो; मांड कच्ची असेल तर स्वार तोल सावरायला लगामाला लोंबकळतो आणि घोड्याचं तोंड सोलून निघतं. मी तेच करत होते. माझ्या भीतीचा भार त्या जनावराच्या जबड्यावर टाकत होते आणि मनात त्याला ताबा म्हणत होते.

इथे मला अण्णांचं वाक्य आठवलं आणि त्यातली फट दिसली. दोर त्या पोराच्या हातात होता. वाट ठरलेली होती. घोडी रोज त्याच ओळींमधून जाते. वेग त्याचा, वळणं त्याची. मग माझं काय होतं? मांड माझी होती. ती तो धरू शकत नव्हता. हजार रुपये जास्त दिले असते तरी धरू शकला नसता. दोर धरता येतो, वाट दाखवता येते, पडणाऱ्याला सावरता येतं. दुसऱ्याच्या वतीनं बसता मात्र येत नाही. पालखीत आणि घोड्यावर फरक आहे तो इथे. पालखीत माणूस झोपला तरी मुक्कामाला पोचतो.

लगाम ओढणं म्हणजे संयम, ही समजूत फक्त आपली नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्येही रथ आहे. त्याला दोन घोडे, एक गुणी आणि एक उद्दाम. उद्दाम घोडा सौंदर्याकडे झेपावतो तेव्हा सारथी लगाम असा खेचतो की त्याची जीभ आणि जबडा रक्तानं माखतो. असं पुन्हा पुन्हा घडल्यावर तो घोडा भीतीनं नमतो. सॉक्रेटिसाच्या सहवासात वाढलेला दुसरा एक अथेन्सकर होता, झेनोफन. तो खराखुरा घोडदळातला माणूस. त्यानं घोडेस्वारीवर लहानसं पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. त्याचं सांगणं उलटं आहे: घोड्याशी रागानं कधी वागू नये, आणि जबरदस्तीनं करवून घेतलेलं काम घोड्याला उमगत नाही, चाबकानं नाचवलेल्या नर्तकाचं नाचणं सुंदर होत नाही तसं. एका गुरूचे दोन शिष्य. एकानं घोडा कल्पनेत पाहिला, दुसऱ्यानं त्याला रोज चारा घातला. इंद्रियांबद्दल कुणाचं ऐकायचं, यावर माझं मत आता झेनोफनच्या बाजूला पडतं.

आपल्याकडेही हे ज्ञान होतं, फक्त ते उपनिषदांत न ठेवता महाभारतात ठेवलं. अज्ञातवासात नकुल विराटाच्या पागेत ग्रंथिक नावानं अश्वपाल होऊन राहतो. आणि द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, ऐन युद्धात अर्जुनाचे घोडे थकतात, बाणांनी जखमी होतात. अर्जुन रथाखाली उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणांनी भूमी भेदून पाणी काढतो आणि श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, मग पुन्हा जुंपतो. गीतेचा उपदेशक म्हणून ज्याला आपण हात जोडतो त्याचं हे मोतद्दाराचं काम. देवानं भक्ताचे घोडे धुतले, हे आपल्या संतांना गीतेइतकंच मोलाचं वाटलं, ते उगाच नाही.

गीतेच्या सुरुवातीला कृष्ण सारथी आहे आणि अर्जुन त्याला हुकूम करतो: दोन्ही सैन्यांच्या मधे रथ नेऊन उभा कर. कृष्ण नेतो. मग अर्जुन कोसळतो, शिष्य होतो आणि सतरा अध्याय ऐकत राहतो. आता आज्ञा कृष्णाची चालायला हवी. पण अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण म्हणतो की यावर पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर. त्यानंतर शरण ये असंही म्हणतो, हे मला ठाऊक आहे. तरी शरण जायचं की नाही याचा निर्णय आधी अर्जुनाच्या हाती परत दिलेला आहे. कृष्णाकडे लगाम आहे तो घोड्यांचा. अर्जुनाची मांड त्यानं अर्जुनाकडेच ठेवली.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला याचं एक ऐहिक उदाहरण घरचं आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. १८६३मध्ये तिथल्या गायकवाड घराण्याच्या शेतकरी शाखेत गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, जन्मले. मल्हाररावांना बडोद्याच्या गादीवरून दूर केल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी मे १८७५मध्ये त्यांना दत्तक घेतलं. बारा वर्षांचा मुलगा, अक्षरओळख जेमतेम. कशाला आलास असं विचारल्यावर, राज्य करायला आलो, असं तो म्हणाला, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. मला त्याच्या पुढची सहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या काळात राज्याची सूत्रं दिवाण राजा सर टी. माधवराव यांच्या हाती होती. त्यांनी राज्याची घडी बसवली आणि त्याच वेळी या मुलाला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावानं छापलेली आहेत. डिसेंबर १८८१मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी माधवराव बडोदा सोडून गेले.

माधवराव गेले, यात त्यांचं मोठेपण आहे. दोर धरणाऱ्याची परीक्षा तो धरण्यात नसते. आजूबाजूला पाहावं तर दोर धरणारे उदंड आहेत. टीव्हीवर आहेत, मोबाईलवर आहेत, रोज सकाळी सुविचार पाठवणारे आहेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी एका महाराजांना विचारल्याशिवाय गेली कित्येक वर्षं घरातलं कपाटसुद्धा हलवलेलं नाही. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही. पण इतक्या वर्षांत त्या महाराजांनी एकदाही ‘हे तुमचं तुम्ही ठरवा’ म्हटलेलं नाही, याचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. त्यांना स्वार घडवायचा नाही. गिऱ्हाईक टिकवायचं आहे.

आता वाइनबद्दल बोलायला हवं, कारण घोडी चालत होती ती त्या वेलींमधून. वाइनचा वेल हा मोकळा वाढलेला वेल नसतो. नाशिकला त्याची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता फळछाटणी, तिच्यातून घड येतात. काडीवर किती डोळे ठेवायचे हे ठरलेलं असतं. फुटवे तारेला बांधतात, नको ती बगलफूट काढून टाकतात. न छाटलेला वेल वाढतो भरपूर, पण त्याची ताकद पानांत जाते. हे सगळं तो पोरगाच सांगत होता; त्याच्या घरची जमीन त्याच बाजूची.

फेरी संपल्यावर पाहुण्यांना पडवीत नेऊन वाइन चाखायला देतात. माझ्यासमोरही पेला आला. तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न पडला, जो वासण्यात पडणं शक्यच नव्हतं.

मी कधी दारू प्यायले नव्हते. याचा मला अभिमान नसला तरी समाधान होतं. पण बडोद्यात न पिण्यात माझं कर्तृत्व काय? मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. १ मे १९६० रोजी राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्रानं परवाने देत देत तो सैल केला. परमिट रूम ही पाटी त्याच इतिहासाची खूण आहे. पुढे २००१मध्ये तर सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क आखले. गुजरातनं मात्र, गांधीजींची भूमी म्हणून, बंदी ठेवली. एकाच कायद्याचे दोन घोडे, एक मोकळा सुटला आणि दुसरा अजून खुंट्याला आहे. खुंट्यालाही घोडे काय काय करतात ते गुजरातेत सगळ्यांना माहीत आहे. तो विषय वेगळा.

मुद्दा असा की उपनिषदाच्या भाषेत विषय म्हणजे रस्ता, आणि माझ्या राज्यात तो रस्ता बंद होता. जिथे रस्ताच नाही तिथे घोडा वळवला याला काय अर्थ? माझा संयम हा सरकारी पागेतला संयम होता. मी शिलेदार असल्यासारखी वागत होते आणि होते बारगीर. सापुतारा ओलांडल्यावर, मळ्यातल्या त्या टेबलाशी, रस्ता प्रथमच उघडा झाला. भाची बघत होती. मी दोन घोट घेतले. आंबट, तुरट, जिभेच्या कडांना कोरडी करणारी चव. तिसरा घोट घ्यावासा वाटला नाही, म्हणून पेला ठेवला.

यातून काय सिद्ध झालं? सद्गुण तर नाहीच; चव आवडली असती तर काय केलं असतं मला सांगता येत नाही. पण कायद्याचा लगाम आणि स्वतःची मांड या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि पहिला असला की दुसरी आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो, एवढं त्या दिवशी लख्ख दिसलं. म्हणून मी दारूबंदीच्या विरोधात गेले असं नाही. ज्या घरात पिणारा आहे तिथल्या बाईला तत्त्वज्ञानापेक्षा दुकान बंद असण्याचा उपयोग अधिक, हे मी धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांकडून ऐकलेलं आहे. नवख्याच्या घोडीला दोर लागतोच. फक्त दोराला कुणी चारित्र्य म्हणू नये.

गुरूच्या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत बोलकं उत्तर आमच्याच गावात दिलं गेलं, आणि त्यातही घोडा आहे. अरविंद घोष यांनी इंग्लंडमध्ये आयसीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला ते हजरच राहिले नाहीत आणि नोकरी हुकली. त्यांना ती नकोच होती, असं त्यांनी पुढे सांगितलं. सयाजीराव त्या वेळी लंडनमध्ये होते. त्यांनी अरविंदांना आपल्या नोकरीत घेतलं आणि १८९३मध्ये ते बडोद्याला आले. १९०६पर्यंत इथे राहिले, कॉलेजात शिकवलं, संस्कृत, बंगाली, मराठी, गुजराती शिकले.

डिसेंबर १९०७मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली गेल्यावर ते पुन्हा बडोद्याला आले तेव्हा त्यांना एक मराठी योगी भेटला, विष्णु भास्कर लेले. दोघं सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर तीन दिवस जगापासून दूर राहिले. लेल्यांनी त्यांना कुठलाही ग्रंथ दिला नाही. सांगितलं ते एवढंच, की बसा, मनाकडे पाहा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते शिरण्याआधी परतवून लावा. अरविंदांनी तसं केलं आणि त्यांचं मन निःशब्द झालं. विद्वत्तेत लेले त्यांच्या जवळपास नव्हते. इतकं वाचलेल्या माणसाला त्यांनी ‘बसा’ म्हणून सांगितलं आणि ते पुरलं.

त्यानंतरचा भाग मला अधिक विचार करायला लावतो. अरविंदांना जो अनुभव आला तो लेल्यांना अपेक्षित असलेला नव्हता. सगळं जग पडद्यावरच्या सावल्यांसारखं भासू लागलं, आणि हे ना गुरूला हवं होतं ना शिष्याला. म्हणजे मोतद्दारानं दोर धरून जिथवर नेलं त्याच्या पलीकडे स्वार गेला, मोतद्दार स्वतः कधी न गेलेल्या मुलखात. लगोलग मुंबईला भाषण द्यायचं होतं आणि मनात एक विचार उमटत नव्हता. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. ते आले. मग निरोप घेताना लेल्यांनी त्यांना त्यांच्या अंतर्यामीच्या मार्गदर्शकाच्या हवाली केलं. चेला केलं नाही, पंथ काढला नाही.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हार मानली नाही. त्यांचा प्रतिवाद विचारात घेण्यासारखा आहे. ते म्हणाले, “अंतर्यामीचा मार्गदर्शक आतच होता, तर लेले कशाला हवे होते? आणि हवेच होते, तर तो आत होता कशावरून?” मी याला तर्कानं उत्तर देऊ शकत नाही. घोडीवरचं तेवढं सांगू शकते. फेरीच्या शेवटच्या टप्प्यात, धरणाकडच्या सरळ पट्ट्यात, पोरानं न बोलता दोर सोडला आणि तो मागून चालू लागला. मला ते बऱ्याच वेळानं कळलं. घोडी तशीच चालत होती, मी तशीच बसले होते, बोटांतला लगाम सैल होता आणि तरी तिला माझं म्हणणं पोचत होतं. दोर सुटण्यापूर्वीची मांड आणि नंतरची मांड यांत फरक नव्हता. दोरामुळे मला मांड मिळाली नाही, पण दोर होता म्हणून मी मांड शोधण्याइतकी निर्धास्त झाले. मोतद्दाराचं काम तेवढं. भीती कमी करणं. अण्णांना हे उत्तर अपुरं वाटतं.

आषाढीच्या वारीत माउलींचा अश्व धावतो तो तर रिकाम्या पाठीनं. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन घोडे आळंदीला चालत येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, कारण त्यावर ज्ञानोबा बसलेले आहेत अशी भावना असते. रिंगणात तो घोडा दौडत गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मंडळातल्या एक काकू म्हणतात, हेच अखेरचं ध्येय: खोगिरावर ‘मी’ उरूच नये. त्यांच्या भक्तीपुढे मी नमते, पण मला अजून तिथे जायचं नाही. तो घोडाही शेकडो मैल चालत आणणारी, त्याला पाणी पाजणारी, रात्री त्याच्याजवळ जागणारी माणसं आहेत म्हणून त्या रिंगणात धावतो. खोगीर रिकामं असलं तरी पागा रिकामी नसते.

शिलेदार असल्याचा आपला आव टिकणारा नाही. हे शरीर, ही इंद्रियं, ही बुद्धी, काहीच आपण घरून आणलेलं नाही. घोडा सरकारचा आहे आणि एक दिवस पागेत जमा करायचा आहे. पण बारगिराला घोडा परक्याचा म्हणून कसाही पिटाळता येत नसे, आणि ‘मी तर हुकुमाचा ताबेदार’ म्हणून लढताना डोळे मिटूनही घेता येत नसत. त्याची मांड त्याचीच असे, आणि घोड्याचा जाबही त्यालाच द्यावा लागे. स्वातंत्र्य म्हणून मला जे काही ठाऊक आहे ते एवढंच आहे, आणि एका आयुष्याला ते कमी नाही.

त्या मळ्यात उतरल्यावर बाकीचे पाहुणे पडवीकडे गेले. पोरगा तंग सैल करायला लागला. मी विचारलं, पाणी मी पाजू का? तो म्हणाला, अंग निवल्यावर, आत्ता लगेच थोडंच; आणि बादली माझ्या हातात दिली.